वायर कुठपर्यंत पोचते

पवनीत तहसीलच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, धानाची नोंदणी, परीक्षेचे फॉर्म, सगळं मी भरून देतो आणि सोबत माऊस, कीबोर्ड, चार्जर असलं काहीबाही विकतो. कधीमधी गेम खेळणारं गिऱ्हाईक येतं. सोफ्यावर बसून टीव्हीवर खेळायचं म्हणतं, मांडीवर ठेवता येईल असा कीबोर्ड मागतं, आणि मग विचारतं, "भाऊ, वायरवाला घेऊ का वायरलेस?" बिचारं सहज विचारतं. मी मात्र दोन्ही चांगले आहेत म्हणतो आणि पुढच्या माणसाचा फॉर्म हातात घेतो.

खरं सांगायचं तर या एका प्रश्नावर मी जेवढं डोकं खपवलंय तेवढं पवनीत कोणी खपवलं नसेल. वायरलेसमध्ये सेल संपतात, ऐन वेळी दगा देतात. वायरवाल्यात दगा नाही, पण घरभर वायर लोळते, तिच्यात पाय अडकतात. हे सगळ्यांना माहीत आहे. मला तिसरीच गोष्ट पाहायची होती. फेकला तर किती लांब जातो, ती.

माझं टाळकं फिरतं. लहानपणापासून फिरतं. दुकानात दिवसभर सर्व्हर बंद असतो, लोक डोक्यावर बसतात आणि मी "हाव काका, होते काका" करत दात विचकत राहतो. घरी आलो की ते सगळं बाहेर यायचं. कपाटाच्या दाराला मी ठोसा मारून खड्डा पाडलाय. दोन मोबाईल भिंतीवर फोडलेत. एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट असं भिरकावलं, की पंख्याच्या पात्यावर वांग्याची फोड चिकटली ती आठवडाभर तिथेच. पण बायकोला कधी हात लावला नाही. मी वस्तू फोडतो, माणूस नाही, असं मी मित्रांत छाती काढून सांगायचो. काय तो थाट!

संध्याकाळी टीव्हीला कॉम्प्युटर जोडून गेम खेळायला बसायचो. त्यात माणसं मारायची असतात. बंदूक, सुरा, कुऱ्हाड, जे हाती लागेल ते. गळा चिरला की रक्ताचा फवारा थेट पडद्यावर येतो आणि हाड मोडल्याचा आवाज स्पीकरमधून खणखणीत ऐकू येतो. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पंधरावीस मुडदे पाडले की दिवसभराचे काका-मामा डोक्यातून उतरायचे. बायको म्हणायची, "खेळा, पण आवाज कमी करा वो, बाबांले झोप नाई लागत." बाबा म्हणजे माझे वडील. आतल्या खोलीत पडून असायचे.

बाबा विणकर. आमच्या हॉलमध्येच त्यांचा खड्डामाग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडायचे, काठावर सागाची फळी आणि फळीवर बसून दिवसभर लुगडी विणायची. माग विकला, खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर टाइल्स लावल्या, आणि माझा सोफा बरोबर त्याच जागी आला. फळी तेवढी राहिली. चाळीस वर्षं बसून बसून ती काचेसारखी गुळगुळीत झाली होती. मी तिच्यावर वायरलेस कीबोर्ड दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने बसवला आणि उजव्या बाजूला माऊसपुरती जागा सोडली. खालून बाबांनी उरल्यासुरल्या सुताची गादी शिवून दिली. फळी पुन्हा कामाला लागली म्हणून म्हातारा खूश होता.

तो दिवस उन्हाळ्यातला. कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता. मी खेळत होतो, शेवटचे दोन गडी उरले होते, आणि बायको चहाचा कप घेऊन समोर आली. त्याच क्षणी कीबोर्ड अडकला. बटण दाबतोय, दाबतोय, माझा माणूस खांबासारखा उभा. समोरच्याने त्याला कुऱ्हाडीने उभा चिरला. वायरलेसच्या मधात माणूस आला की सिग्नल तुटतो हे मला माहीत होतं. मी ओरडलो, "मधात काहून आली बे!" आणि फळीसकट कीबोर्ड फेकला.

सागाच्या फळीचा कोपरा तिच्या कपाळावर लागला. डाव्या भुवईच्या वर. टक् असा आवाज आला, लहानसाच, गेममधल्यापेक्षा कितीतरी लहान. ती ओरडली नाही. कप तिच्या हातातच होता, आणि रक्त भुवईवरून, नाकावरून थेट त्या चहात पडत होतं. मी ते बघत बसलो. उठलोसुद्धा नाही. बाबा आतून आले, त्यांनी धोतराचा सोगा तिच्या कपाळावर दाबला आणि मला म्हणाले, "गाडी काढ."

सरकारी दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "कसं लागलं बाई?"

बायको म्हणाली, "टीव्हीची वायर होती. पाय अडकला न् पडली."

तीन टाके पडले. मी बाजूलाच उभा होतो. घरात पायात येईल अशी वायर नव्हतीच. वायर नको म्हणून तर मी वायरलेस घेतला होता. पण सिस्टरनं लिहून घेतलं आणि माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटली का? नाही वाटली. सुटलो, एवढंच वाटलं. घरी येऊन कीबोर्ड उचलला, मागचं झाकण काढलं, तर आत भिंतीच्या घड्याळातले जुने सेल. मीच टाकलेले. ती मधात आल्यामुळे काही तुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती फळी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली. साग लवकर पेटत नाही, ती फुंकत बसली. गादीतलं सूत जळालं तसा धूर घरभर झाला. बाबा दारातून पाहत होते, अडवलं नाही. पाणी तापल्यावर तिने आंघोळ केली, पिशवी भरली आणि कपाळाला पट्टी बांधून लाखांदूरच्या एसटीत बसून माहेरी निघून गेली.

मी फोन करायचो, ती उचलायची, ऐकायची आणि ठेवून द्यायची. पंधरा दिवसांनी एकदाच बोलली. "मले तुमची भीती वाटते," म्हणाली. बस्स, एवढंच. मी भडकलोच. एवढी माफी मागून राहिलो तरी हिचं आपलं तेच! मग मी भीतीवर इलाज शोधायला बसलो. मी मशीनवर पोट भरणारा माणूस, मला इलाज मशीनमध्येच दिसणार. गेम सोडावा हे माझ्या डोक्यात आलंच नाही. डोक्यात आलं ते असं, की वायरवाला घ्यायचा. वायर बांधून ठेवते. टीव्हीपासून सोफा आठ फूट, वायर दहा फूट, सोफ्यामागे किचनचं दार टीव्हीपासून बारा फुटांवर. मागे फेकला तर दारापर्यंत पोचत नाही. समोर फेकला तर माझाच टीव्ही फुटेल, म्हणजे मी फेकणार नाही. मी टेप धरून हे सगळं मोजलं आणि कागदावर काढलं.

तयार लॅपबोर्ड मागवला. खाली गादी, वर कीबोर्ड, बाजूला माऊसची जागा, आणि लांब वायर. आल्याबरोबर परीक्षा घेतली. सोफ्यावर बसलो, राग आणला, माझा राग काय हुकमाचा ताबेदार, आणि किचनच्या दिशेने जोरात भिरकावला. कीबोर्ड सरळ जाऊन गॅसच्या ओट्याखाली पडला. वायर मधूनच सुटली होती. कागद वाचला तेव्हा कळलं, वायरीला मुद्दामच सांधा दिलेला असतो. कोणाचा पाय अडकला तर तो सांधा आपोआप सुटतो, माणूस पडत नाही. सुरक्षेसाठी म्हणे! मी कंपनीला आईवरून शिव्या घातल्या.

बाबांनी ती दोन टोकं हातात घेतली. लावली, ओढली, सुटली. पुन्हा लावली, पुन्हा सुटली. विणकराला हे सहन होईना. "सुटते त्याले सांधा म्हणते का बे?" म्हणाले. नवा ताणा जुन्याला जोडताना हजार धागे एकेक करून सांधायचे आणि त्यातला एकही सुटला तर मान खाली घालायची, यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी सूत घेतलं, भाताच्या पेजेची खळ केली, सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटांपर्यंत ते घट्ट गुंडाळत गेले, वर खळ चोळली आणि उन्हात वाळवलं. सांधा दगडासारखा झाला. मी पुन्हा फेकून पाहिला. कीबोर्ड सोफ्याच्या मागे हातभर गेला आणि हिसका बसून आपटला. वायर तुटली नाही, सांधा सुटला नाही. आम्ही बापलेक हसलो. त्या पायात येणाऱ्या वायरीचं काय, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या.

ती माझ्यासोबत येणार नव्हती, म्हणून बाबाच लाखांदूरला गेले. सासरा स्वतः आणायला आला म्हटल्यावर तिच्या घरच्यांना नाही म्हणता येईना. ती आली. मी तिला हॉलमध्ये उभं करून सगळं दाखवलं. हा टीव्ही, हा सोफा, ही वायर, हे तुझं दार. "पाह्य, पोचतच नाई," मी म्हटलं. फेकून दाखवू का म्हणून विचारलं, तर ती पटकन भिंतीला टेकली. म्हणाली, "राहू द्या."

महिना बरा गेला. मी खेळायचो, पण दातावर दात धरून. शिव्या पुटपुटायचो. ती किचनच्या दारात पाट टाकून भाजी निवडायची, आणि तो पाट रोज त्याच जागी असायचा. एकदा मी गंमत म्हणून मोजलं. वायर जिथे संपायची त्याच्या पलीकडे बरोबर दोन फूट. तिनेही मोजलं असणार.

मग ती संध्याकाळ. सूर्य अजून पुरता मावळला नव्हता, ती अंगणातून वाळलेले कपडे घेऊन आत आली. अंगणाचं दार टीव्हीच्या बाजूला, किचन माझ्या मागे, म्हणजे तिला माझ्या समोरून जावं लागणार. मी हरत होतो. एका गड्याने मला पाठीमागून गाठून मानेत सुरा घातला, आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण बाबा आत दचकून उठले एवढा मोठा. आणि सवयीने दोन्ही हातांनी कीबोर्ड डोक्याच्या वर उचलला.

फेकला नाही. मी शपथेवर सांगतो, फेकला नाही. हात वरच थांबवले. त्या एका क्षणात मला स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला, की बघ, जमलं.

पण ती माझ्या आवाजाबरोबर पळाली होती. मी हात वर केले तशी जमिनीवरची वायर ताणून तिच्या नडगीच्या उंचीला आली. सांधा सुटणार नव्हता. आम्ही तो सुटूच दिला नव्हता. तिचे दोन्ही पाय अडकले, कपडे उधळले, आणि ती उजव्या हातावर टाइल्सवर पडली. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. या वेळी ती ओरडली. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मनगट भलतीकडेच वळलं होतं, आणि ती त्या हातावर पडूनही माझ्यापासून लांब सरकत होती. मी उचलायला पुढे झालो तर दुसरा हात तोंडावर घेऊन म्हणाली, "नका ना, नका ना." माझ्या हातात अजून कीबोर्ड होता.

दवाखान्यात तीच सिस्टर. हात पाहिला, मग कपाळावरची खूण पाहिली.

"कसं झालं?"

"वायरीत पाय अडकला," बायको म्हणाली.

सिस्टर म्हणाली, "मागच्या खेपेसबी वायरच होती ना बाई?"

"नाई वो, या वेळी खरंच होती," बायको म्हणाली. हे बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. ती रडायला लागली. "खरंच वो सिस्टर, वायरच होती," पुन्हा पुन्हा तेच. सिस्टर तिच्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मागे रांगेतली माणसं माना काढून बघायला लागली. हात मोडलेली बाई खरं सांगत होती आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं, कारण माझ्यासाठी ती आधी खोटं बोलली होती.

मी म्हटलं, "या वेळी वायरच होती. मागच्या वेळी घरात वायर नोती. मागच्या वेळी मी मारलं."

सिस्टरनं ते लिहून घेतलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं तिला जरा बरं वाटेल. तिचा चेहरा असा झाला जणू मी तिला भर रांगेत उघडं पाडलं.

बाहेर बाकावर बाबा बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आपल्या बोटांकडे पाहत म्हणाले, "तुया आईच्या कपाळावर खूण होती, ध्यानात आहे?"

होती ना. आई म्हणायची, मागाच्या खड्ड्यात पडली होती. आम्ही भावंडं त्यावरून तिला चिडवायचो.

"खड्ड्यात नाई पडली ते. मी धोटा फेकला होता." धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे पळणारा लाकडाचा तुकडा. नावेच्या आकाराचा, दोन्ही टोकांना लोखंड आणि पोटात सुताची कांडी. "त्याले बी धागा होता बाबू. तो धागा त्याच्यासंगंच गेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, या म्हाताऱ्याच्या कानफटात हाणावी. सगळं माहीत असून हा माझ्यासोबत बसून सांधे बांधत होता, माझ्यासोबत हसत होता! मूठ वळली होती माझी. बाबांनी ती पाहिली आणि मान थोडी खाली घातली, मार खायची तयारी असलेल्या माणसासारखी. मी उठून गाडीजवळ जाऊन उभा राहिलो.

तिचा भाऊ आला आणि प्लास्टर घातलेल्या हातासकट तिला दवाखान्यातूनच घेऊन गेला. मी घरी येऊन कीबोर्डची वायर कात्रीने कापायला गेलो. बाबांनी बांधलेल्या सांध्यावर कात्री चालेना. शेवटी विळ्याने तोडली. कॉम्प्युटर दुकानात नेऊन ठेवला, टीव्ही काढला, भिंतीवर खिळ्यांची भोकं तेवढी राहिली. कोणी सांगितलं म्हणून नाही, त्या सोफ्यावर बसवेना म्हणून.

प्लास्टर निघाल्याचं कळलं तेव्हा मी लाखांदूरच्या एसटीत बसलो. बाबांना पाठवलं नाही. तिचं गाव फाट्यापासून आत आहे, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मी चालत गेलो. ती ओसरीत सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होती, डाव्या हाताने. उजवा मांडीवर नुसता ठेवलेला होता. मनगट काठीसारखं बारीक झालं होतं. मला पाहून ती उठली, आतून पाण्याचा तांब्या आणला, पायरीवर ठेवला आणि मागे सरकली. मी आपोआप मोजलं. दोन पावलं.

"आता कोणता घेतला?" तिने विचारलं. "वायरवाला का बिनावायरचा?"

"कोणताच नाई," मी म्हटलं. "टीव्हीबी काढला. गेम बंद. सोफ्यावर कोणी बसत बी नाई आता."

मी रस्ताभर हे वाक्य घोकत आलो होतो. ते ऐकून ती काहीतरी चांगलं बोलेल असं मला वाटलं होतं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती.

"मंग हे हात कुठं ठेवाल?" ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. माझी उजवी मूठ गच्च आवळलेली होती. कधीपासून, कोण जाणे. उघडली तर आत एसटीचं तिकीट होतं, घामाने भिजून त्याची गोळी झालेली. ती खाली बसून पुन्हा डाव्या हाताने खडे वेचू लागली. मी पाणी प्यालो, तांब्या होता तिथेच ठेवला आणि परतीची बस धरायला फाट्याकडे निघालो.